सोपानतात्यांचा पांढरा कपटी

आमच्या जत्रेच्या नाटकात ज्याला सगळ्यांचं वाटोळं करायचं असे, तो माणूस त्या दिवशी उपास धरायचा. सकाळी डोक्यावरून अंघोळ, कपाळाला गंध, नीळ घातलेलं पांढरंशुभ्र धोतर आणि वर पांढरा लांब कोट. दिवसभर तो कशाला टेकायचा नाही, खाली बसायचा नाही, कोणी जवळून बैल नेला तर ओरडायचा. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या की तोंडाला सफेदा फासून मांडवात शिरायचा आणि दोन तासांत एका राज्याचा सत्यानाश करून, अंगाला एक डाग न लागू देता बाहेर पडायचा. हे आमचे शेजारी, सोपानतात्या.

काटेवाडीजवळच्या वस्तीवर आमच्या आणि त्यांच्या अंगणात मधे एकच कूड होता, काटक्यांची शेणानं लिंपलेली भिंत. स्वातंत्र्य मिळून चारदोन वर्षं झाली होती आणि गावोगाव जत्रेत नाटकं बसवायचं वेड आलं होतं. दुसऱ्या गावांतला खलनायक अंगाला काजळ माखून, मिशा पिळत, डोळे वटारत यायचा. 'खलनायक' हा शब्द आमच्याकडे छापील. गाव त्याला 'कपटी' म्हणायचं आणि त्याच्या कामाला 'कपट्याचा पार्ट'. आमचं नाटक तात्याच रचायचे आणि त्यांना काजळवाला कपटी बिलकुल खपायचा नाही.

"काळा कपटी वळखायला काय अक्कल लागती?" ते म्हणायचे. "त्यो लांबनंच दिसतो. माणूस सावध हुतं. पांढरा कपटी जवळ येऊन बसतो, पान मागतो, घरच्यांची खुशाली इचारतो. अन् मग."

मग काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पान तेवढं थुंकायचे.

आता हे बोलणारा गृहस्थ स्वतः रंगानं कसा, तर तव्याच्या पाठीसारखा. अंधारात उभे राहिले तर नुसतं धोतर उभं आहे असं वाटायचं. त्यामुळे कपटी व्हायला त्यांना सफेद्याचे दोन हात द्यावे लागत, आणि ज्यानं नायक व्हायचं त्या म्हादूला मात्र ते हातसुद्धा लावू देत नसत. म्हादू बिचारा आरशासमोर घुटमळायचा. "तात्या, थोडी पावडर?" "न्हाय. तू चांगला माणूस हायेस. चांगल्या माणसानं हाय तसं जावं."

ही पांढऱ्याची अढी त्यांच्या डोक्यात कुठून बसली, याचं उत्तर माझ्या लहानपणी मला पाठ होतं, कारण ते रोज बांधावर ऐकू यायचं. कालव्याच्या पाण्यावर तात्यांची वांगी, गवार, मेथी असायची. माल गाडीत घालून ते बारामतीच्या बाजाराला न्यायचे. पण पाणी पाजून पाजून रानाचा खालचा कोपरा खारावला होता. सकाळच्या उन्हात तिथं मीठ फुटायचं आणि चांदी पसरल्यागत चमकायचं. नवखा पाहुणा म्हणायचा, वा, काय छान दिसतंय. तात्या त्याला हाताला धरून तिकडं न्यायचे.

"बघा, किती उजळ. देवाच्या गाभाऱ्यात सुदिक एवढा उजेड न्हाय. अन् हितं मेथीचं एक पान उगवत न्हाय. त्या तितं काळी माती हाय, तिच्याकडं कुणी बघत न्हाय, ती आमाला जेवायला घालती."

मग ओढ्यातला बगळा. एका पायावर उभा, डोळे मिटलेले, पांढरा स्वच्छ. "जप चाललाय. मासा कुठाय इचारा त्याला." एवढं झालं की पाहुणा चहाला मोकळा व्हायचा.

पहिल्या वर्षी त्यांचा पांढरा कपटी मांडवात आला तो प्रसंग आमच्या गावात अजून सांगतात. तात्यांनी बांबूला एक गॅसबत्ती अशी टांगली होती की ती बरोबर त्यांच्या डोक्यामागं यावी. पडदा सरला. पांढरा कोट, पांढरं तोंड, डोक्यामागं उजेड. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून सरळ पाया पडली. ती पडली म्हणून दुसरी पडली. मग बापई माणसांनीही टोप्या काढल्या. कुणीतरी जत्रेतला नारळ आणून समोर ठेवला.

तात्या गरजले, "या राज्याची मी राखरांगोळी करीन!"

"कर बाबा," म्हातारी हात जोडून म्हणाली. "तुला काय करायचं त्ये कर. तू जाणता हायेस."

तात्यांनी राजाला कैदेत टाकलं, लोकांनी मान डोलावली. गरिबाचं शेत काढून घेतलं, लोक म्हणाले काहीतरी कारण असंल. शेवटी म्हादू तलवार घेऊन आला, तेव्हा तालमीतले दोघं पैलवान उठले आणि त्याला खांद्याला धरून मांडवाबाहेर घेऊन गेले. "महाराजांच्या अंगावर धावतो व्हय रं?" नाटक तिथंच संपलं. आमच्या पंचक्रोशीत कपटी जिंकलेलं ते पहिलं नाटक.

आम्हाला वाटलं तात्या चिडतील. पण ते खूष होते. सफेदा पुसत पुसत आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणाले, "बघितलंत? मी वरडून सांगत हुतो, मी वाईट हाय, मी वाईट हाय. पर कोट पांढरा हुता ना."

दुसऱ्या वर्षी निराळीच आफत आली. गॅसबत्तीच्या धगीनं तात्यांना घाम सुटला आणि ऐन भाषणात सफेदा ओघळायला लागला. कपाळ, मग नाक, मग गाल, असा खालचा तात्या हळूहळू वर आला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. "आतनं काळा निघाला! आतनं काळा निघाला!" आबाही खूष होऊन म्हणाले, "सोपानराव, काय युक्ती केलीत! वरनं पांढरा अन् आत काळा. वा!"

तात्या तांब्याभर पाणी प्याले. "आबा, म्हंजी शेवटाला वाईट कोण ठरलं? काळाच ना?" एवढं बोलले आणि दोन महिने आमच्या ओसरीवर पानाला आले नाहीत. पुढच्या वर्षीपासून सफेद्यात खोबरेल जास्त घातलं आणि त्यांचा कपटी शेवटपर्यंत पांढराच राहिला.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. तात्यांचं ते "काळाच ना?" ऐकून मी कुडाआड उभी राहिले आणि का कोण जाणे मला रडू आलं. कारण आता सांगायलाच हवं, मी रंगानं तात्यांच्याच जातकुळीची. नाव गोदावरी, पण शाळेत मला 'काळी गोदी' म्हणत आणि शाळेच्या गोष्टीत राक्षशीण हवी असली की मास्तर दुसरीकडं बघतच नसत. आईनं माझ्यावर दुधाची साय, डाळीचं पीठ, हळद, सगळं करून पाहिलं. एवढ्या सायीत एखाद्या घरचं तूप निघालं असतं. कुडापलीकडून तात्या विचारायचे, "वैनी, वांग्याला चुना लावून त्याचा मुळा झाल्याला बघितलाय का कुठं?" आई रागानं भांडी आपटायची. मी हसायची. माझ्या रंगावर मला हसता येईल असं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

त्यांच्या घरात आणखी एक माणूस होतं, ते मात्र फारसं कुणाला दिसायचं नाही. तात्यांची थोरली बहीण, बायडाक्का. तात्यांनी लग्न केलं नव्हतं आणि अक्काचं झालं नव्हतं. दोघं भावंडंच राहायची. अक्का माजघरात बसून मेथीच्या जुड्या बांधायची, पहाटे रानात जायची आणि दारात पाहुणा दिसला की आत सरायची. कपट्याचा कोट धुवायचं काम तिचं. रिठ्यात भिजवून, नीळ देऊन ती तो असा पांढरा करायची की डोळ्यांना त्रास व्हावा. पण नाटकाला ती एकदाही आली नाही. "म्या काय बघायचं त्यात," म्हणायची.

मला पहिल्यांदा बघायला आले ते इंदापुराकडचे लोक. दिवे लागायची वेळ. आईनं मला मुद्दाम भिंतीकडं, जरा अंधारात बसवलं होतं. शेजारी म्हणून तात्याही ओसरीवर होते. पाहुण्यांतले एक वडीलधारे, पांढरं धोतर, पांढरी टोपी, गळ्यात माळ, अगदी सौम्य बोलणारे. त्यांनी खुंटीवरचा कंदील काढला, वात वर केली आणि म्हणाले, "मुली, जरा उजेडात ये."

मी उठून पुढं गेले. त्यांनी कंदील माझ्या तोंडाजवळ धरला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. बाजारात वांगं फिरवून बघतात तसं. मग कंदील खुंटीला परत लावला, पोहे मागून घेतले आणि गेले. पुढं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी तात्या पाहुण्यांच्या आधीच उठून गेले. चपला आमच्याकडंच राहिल्या. सकाळी अक्का मागच्या दारानं त्या न्यायला आली आणि जाताना माझ्या गालाला हात लावून गेली.

त्या वर्षीच्या नाटकात कपट्याला नवीन सवय लागली. तात्यांनी त्याला राज्याचा दिवाण केला होता. गंध लावलेला, गोड बोलणारा, हातात चकचकीत समई. जो कुणी गाऱ्हाणं घेऊन येई त्याला तो म्हणे, "जरा उजेडात ये." समई त्याच्या तोंडाजवळ धरी, सावकाश बघे, आणि काहीतरी खोट काढून त्याचं जे असेल ते काढून घेई. शेतकऱ्याचं शेत, गवळ्याची म्हैस, एका पोरीच्या हातातल्या बांगड्या. ना तलवार, ना ओरडा. पाचव्या खेपेला "जरा उजेडात ये" म्हटलं की मांडवातल्या बायका पदर तोंडाशी नेत. शेवटही विचित्र होता. त्याला कुणी मारत नाही. लोक फक्त ठरवतात की आता उजेडात जायचं नाही. कपटी समई घेऊन हाका मारत राहतो, कुणी येत नाही, आणि पडदा पडतो.

"मारामारी न्हाय?" तालमीतले पैलवान नाराज झाले. पण पायाही कुणी पडलं नाही. पांढऱ्या कोटाला गावानं पहिल्यांदा ओळखलं होतं. महिन्याभरात ते वाक्य पोराटोरांच्या तोंडी झालं. कालव्यावर धुणं धुताना बायका एकमेकींना म्हणायच्या, "जरा उजेडात ये गं, लुगड्याचा डाग बघू," आणि खिदळायच्या. पुढची दोन वर्षं जत्रेत तोच दिवाण परत आला, कारण लोकांनी दुसरा कपटी घेतलाच नाही.

अशात सणसरचं स्थळ आलं. घर चांगलं, माणसं कष्टाची. आबांना मनापासून आवडलं होतं. हेही मोडलं असतं तर आईनं हातपाय गाळले असते, आणि मी मनाशी ठरवलं होतं की पुन्हा कुणासमोर जाऊन बसायचं नाही. अक्कासारखं माजघर धरायचं. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मेथीच्या जुड्या बांधायला मी शिकूनही घेतलं होतं.

पाहुणे जत्रेलाच आले. नाटक बघितलं, पोट धरून हसले, घाबरले, मुक्कामी राहिले. दुसरा दिवस जत्रेत गेला आणि मला बघायला बसले तेव्हा पुन्हा नेमकी दिवेलागण. पुन्हा ओसरी, पुन्हा भिंतीजवळचा पाट. तात्या कोपऱ्यात आढ्याकडं बघत बसलेले. मुलाचे चुलते उंच, भारदस्त, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले. माणूस वाईट नव्हता, पुढं मी त्यांना चांगली ओळखू लागले. पण बघायला गेलं की दिवा धरायचा, ही रीतच होती. त्यांनी हात लांबवला, खुंटीवरचा कंदील काढला आणि म्हणाले,

"पोरी, जरा उजेडात ये."

आईचा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला. मी पाटाची कड धरून बसून राहिले. आणि मुलाची आई, जाडजूड, कुंकवाची मोठी आडवी चिरी लावलेली बाई, एकदम फिसकन हसली.

"अवं भावजी! काल त्यो कपटी म्हनला, त्येच तुमी म्हंताय की!"

चुलत्यांनी हातातल्या कंदिलाकडं पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडं पाहिलं. विंचू चावल्यागत त्यांनी तो कंदील खाली ठेवला. "छ्या छ्या, मी आपलं उगीच," असं काहीतरी पुटपुटले आणि सगळी ओसरी खो खो हसायला लागली. चुलतेही हसले. मग ती बाई गुडघ्यावर हात देत उठली आणि म्हणाली, "तू बस पोरी हाय तितंच. मीच येते तुझ्याकडं." भिंतीजवळ, त्या अंधारात, ती माझ्या शेजारी येऊन टेकली आणि विचारलं, "वांग्याला दाण्याचं कूट घालती का तिळाचं?" मी म्हणाले, दोन्ही. ती म्हणाली, मग झालं.

सगळे हसत होते तेव्हा तात्या हसले नाहीत. त्यांनी आढ्यावरची नजर खाली आणली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा वर बघायला लागले.

सकाळी मी साखर घेऊन त्यांच्याकडं पळाले. अक्का अंगणात कोट भिजवायच्या बेतात होती. तो प्रसिद्ध कोट मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. गळ्याच्या आतल्या बाजूला बोटाएवढा पिवळा डाग होता. कोटावर माशी बसू न देणाऱ्या माणसाच्या कोटाला डाग! मी साबण उचलला. अक्कानं माझं मनगट धरलं.

"त्यो न्हाय काढायचा. हळद हाय ती."

"कसली हळद?"

"म्याच लावलीया. नव्या कापडाला लावत्यात की. लग्नाचा कोट हाय त्यो, सोपानाचा."

मग भिजवायचं बाजूला ठेवून ती मला सांगत राहिली. तात्यांचं लग्न ठरलं होतं, कोट शिवून झाला होता. पण ते अडून बसले, की आधी अक्काचं, मग माझं. अक्काला बघायला लोक येत आणि जात. एक स्थळ फार नावाजलेलं होतं. म्हातारा देवभक्त, पांढऱ्या कपड्यातला, सगळे त्याला महाराज म्हणत. त्यानं समई उचलली आणि म्हणाला, मुली, जरा उजेडात ये.

"म्या गेले. त्येनं बघितलं अन् हसला. लई गोड हसला. 'दिवा इझला का गं बाई?' म्हनला. सगळी हसली. सोपाना दारात उभा हुता, नुकती इशी लागल्याली." तिनं कोट पाण्यात सोडला. "त्या दिसानंतर म्या कुणाम्होरं गेले न्हाय. सोपानाच्या सासरची वाट बघून बघून कटाळली, पोरगी दुसरीकडं दिली. कोट पेटीत पडला हुता. मग नाटकं निघाली, तवा म्हनला, अक्के, कोट काढ. ह्यो त्या म्हाताऱ्याला घालतो."

मला इतके दिवस वाटत होतं की तात्यांनी ते वाक्य माझ्यासाठी लिहिलं. माझ्यासाठी होतंच, त्यात शंका नाही. पण ते त्यांनी केवढी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि बहिणीच्या नावानं बाहेर काढलं नाही, हे त्या सकाळी कळलं. माझा संसार उभा राहिला तो त्या सफेद्यावर. हे उपकार कसे फेडतात ते मला अजूनही ठाऊक नाही. म्हणून निदान सांगून ठेवते आहे.

आईला भाऊ नव्हता. बोहल्यावर नवरीच्या मागं मामा उभा राहतो, तर माझ्यामागं कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा आबा कुडापलीकडं गेले आणि लगेच परत आले. लग्नाच्या दिवशी तात्या आले ते पांढरा कोट घालून. तोंडाला सफेदा नाही. त्या कोटात त्यांचं खरं तोंड गावानं कधी बघितलंच नव्हतं. मांडवात एकच गलका, "कपटी आला! कपटी आला!" तात्यांनी कमरेत वाकून सगळ्यांना रामराम केला.

मुहूर्त दुपारचा. अंतरपाट धरायची वेळ झाली आणि मामा गायब. गुरुजी घड्याळाकडं बघून खेकसायला लागले, आबा मांडवभर शोधू लागले. मला मात्र ते दिसत होते. कुडाला मांडवासाठी पाडलेलं भगदाड होतं आणि त्यातून त्यांचं दार. तात्या उंबऱ्याबाहेर उन्हात उभे होते. आत काळोखात अक्का होती, नवं लुगडं नेसलेली, मान हलवत. आपण बिनलग्नाची बाई, शुभकार्यात कशाला, असं काहीतरी म्हणत असणार. सनई थोडी थांबली म्हणून तात्यांचा आवाज मला ऐकू आला. एवढा मांडव दणाणून सोडणारा तो आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"अक्के," ते म्हणाले, "जरा उजेडात ये."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग उंबरा ओलांडला. तात्यांनी तिला मांडवात आणलं आणि माझ्या मागं आपल्या शेजारी उभी केली. कपट्याशी कोण वाद घालणार?

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या. तेवढ्यात मागून एक खरखरीत हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. कुणाचा ते मी वळून पाहिलं नाही. रानात राबून आणि मेथीच्या जुड्या बांधून दोघांचेही हात सारखेच झाले होते.